मिशिगन १३, ओहायो स्टेट १०: हा पराभव पचवायचा कसा?

लाल_करडा | ३० नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

आत्ता घरी आलो. मॅच साडेतीनच्या सुमारास संपली. त्यानंतर मी लेन अ‍ॅव्हेन्यूवर नुसता चालत राहिलो. बोटं बधिर झाली तेव्हा गाडी कुठं लावलीय ते आठवलं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची मॅच; ओहायो स्टेट म्हणजे आमचं कोलंबसचं विद्यापीठ, मिशिगन म्हणजे अ‍ॅन आर्बरचं, दर वर्षीचे कट्टर प्रतिस्पर्धी. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, दहा जिंकलेल्या, एकच हरलेली. मिशिगन सहा जिंकून पाच हरलेलं. सट्टेवाले त्यांना वीसेक गुणांनी मागे धरत होते. त्यांच्या क्वार्टरबॅकनं (पास टाकणारा मुख्य खेळाडू) अख्ख्या मॅचमध्ये पास टाकून मिळवले ६२ यार्ड. तरी ते जिंकले. मध्यंतराला १०-१० होतं, नंतर आम्ही एक गुणसुद्धा केला नाही. शेवटी तिसऱ्या डाऊनला कालेल मलिंग्स आमची फळी फोडून २७ यार्ड पळाला आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांवरून तीन गुणांची किक घातली. आमच्या जेडन फील्डिंगच्या दोन किका हुकल्या होत्या, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. हरलो तीन गुणांनी.

मी २०१२ ला एमएस करायला कोलंबसला आलो. पहिल्याच शनिवारी लायब्ररीत बसलो होतो, आणि बंद खिडकीतून एक आवाज आत आला. लाख माणसं एकाच वेळी ओरडल्याचा. पुस्तक तसंच टेबलावर ठेवून आवाजाच्या दिशेनं चालत गेलो. त्या दिवसापासून हा संघ माझा.

२०२० ची मॅच कोविडमुळे रद्द झाली. २०२१ पासून चारही हरलो. रायन डे २०१९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत, मिशिगनविरुद्ध एक जिंकली, चार हरले. माझं मत स्पष्ट आहे: त्यांनी जावं. या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर ‘एम’ दिसला की त्यावर लाल पट्ट्यांची फुली मारतात. सगळं वर्ष या एका शनिवारासाठी असतं, आणि त्याच शनिवारी संघ गोठतो.

तुमचा संघ असा हरला की तुम्ही काय करता? खरंच विचारतोय. आई भारतातून आलीय, तिचा शनिवारचा उपास. मी जेवलो नाही म्हणून तीही फराळाचं ताट घेऊन तशीच बसून आहे.

मावशी_डब्लिन | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५८

आधी आईंबरोबर दोन घास खा. मग लिही.

आम्ही १९९१ पासून इथं आहोत. नव्वदीत जॉन कूपर प्रशिक्षक होते, तेव्हा मिशिगननं आम्हाला काय रडवलंय ते तू पाहिलं नाहीस. कूपर तेरा मॅचेसपैकी दोनच जिंकले. आमचे हे त्या शनिवारी अंगणातली पानं गोळा करायचे, अंधार पडला तरी.

निळू_अ‍ॅनआर्बर | ३० नोव्हेंबर, रात्री १०:१५

धागाकर्त्या, आज तुझ्या जखमेवर मीठ चोळायला आलेलो नाही. आपण दर वर्षी एकमेकांना फोन करतो, आज तू उचलला नाहीस, म्हणून इथं लिहितोय.

आमचा हा हंगाम वाईट गेला. मागच्या जानेवारीत अलाबामाला आणि मग वॉशिंग्टनला हरवून विजेते झालो, त्यानंतर प्रशिक्षक गेले, निम्मा संघ गेला. आज आमचे भरवशाचे खेळाडू विल जॉन्सन नव्हता, कोलस्टन लव्हलँड नव्हता. मी सकाळी बायकोला म्हटलं होतं, दहाच्या आत हरलो तरी पुरे. आमच्या मेसन ग्रॅहमनं मधली फळी अशी धरून ठेवली की तुमचे लोक तिथंच धडका देत राहिले. तुमच्याकडे पास झेलणारा जेरमाया स्मिथसारखा पोरगा बाहेरच्या बाजूला मोकळा असताना! ते मला आत्ताही कळलेलं नाही.

पराभवाचं म्हणशील तर मला २०१५ सांगायचंय. १७ ऑक्टोबर, मिशिगन स्टेटविरुद्ध. २३-२१ नं पुढे, दहा सेकंद बाकी, फक्त पंट मारायची, म्हणजे लाथेनं चेंडू लांब उडवायचा. चेंडू ब्लेक ओ’नीलच्या हातून निसटला. तो त्यांच्या जेलन वॉट्स-जॅक्सननं उचलला आणि घेऊन पळाला, वेळ संपली तेव्हा तो गोलरेषेपार होता. २७-२३. मी स्टेडियममध्ये होतो. एवढ्या गर्दीत बाजूच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. आणि ज्या पोरानं तो धावून नेला त्याचं त्याच झटापटीत खुब्याचं हाड मोडलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी धाव, आणि तिथून थेट दवाखाना.

त्या रात्री मी काय केलं? कपडे धुतले. घरातले सगळे, स्वच्छ होते ते पण.

पुणेरी_प्रेक्षक | १ डिसेंबर, सकाळी ९:०५ (भारत)

माझा भाचा कोलंबसला शिकतो, त्याच्यासाठी काल रात्री साडेदहाला बसलो. अर्धा तास काही कळलं नाही. माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी, मग सगळे उभे. पाय चेंडूला क्वचितच लागतो, मग फुटबॉल का म्हणायचं? आणि ‘डाऊन’ म्हणजे नेमकं काय?

कणीस | १ डिसेंबर, सकाळी १०:२० (आयोवा)

@पुणेरी_प्रेक्षक, नाव जुनं आहे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिली मॅच झाली तेव्हा खेळ सॉकरच्या जवळचा होता. मग रग्बीकडे वळला, पुढे पास कायदेशीर झाला १९०६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी मैदानावर इतके तरुण मेले होते की खेळच बंद करा असं लोक म्हणू लागले होते. खेळ मोकळा व्हावा म्हणून पास आला.

डाऊन म्हणजे प्रयत्न. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्याला. कबड्डीची चढाई आठवा. रेडर आत शिरतो तेव्हा आपण फक्त त्याच्याकडे बघत नाही, कोपऱ्यातला कोण सरकतोय, साखळी कधी आवळतेय ते बघतो. इथंही चेंडूवरून नजर काढा आणि मधल्या फळीतल्या जाड माणसांचे पाय बघा. अर्धा खेळ तिथं दिसतो.

दक्षिणरंग | १ डिसेंबर, सकाळी ११:४५

योगायोग बघा, कालची तारीख ३० नोव्हेंबर. मी ऑबर्न विद्यापीठाचा. २०१३ मध्ये याच तारखेला अलाबामाविरुद्धची मॅच झाली. २८-२८. घड्याळ संपलं होतं, पंचांनी एक सेकंद परत घातला. अलाबामानं ५७ यार्डांवरून किक मारली, ती कमी पडली, आणि ख्रिस डेव्हिसनं अगदी मागच्या टोकाला ती झेलून अख्खं मैदान पार केलं. ३४-२८. मी तेव्हा तिथं पीएचडी करत होतो. मैदानात कसा उतरलो ते आठवत नाही. कुंपणाच्या झुडपात चप्पल अडकली, ती तिथंच राहिली. मग टूमर्स कॉर्नरला गेलो, तिथं विजयानंतर झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायची प्रथा आहे. पहाटेपर्यंत गाव पांढरं झालं होतं.

आता हे ऐका. त्याच हंगामात आम्ही अंतिम सामना फ्लोरिडा स्टेटकडून ३४-३१ नं हरलो, तेरा सेकंद उरले असताना. विजेतेपद गेलं. पण आमच्याकडे त्या हरण्याबद्दल कुणी बोलत नाही. अकरा वर्षं झाली, बोलतात ते त्या एका सेकंदाबद्दल.

लाल_करडा | १ डिसेंबर, दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार. रात्री जेवलो. निळू, फोन आज करतो.

@दक्षिणरंग, तुमचं वाचून मला उलटाच प्रश्न पडला. आज कुणी म्हणालं की यंदा राष्ट्रीय विजेतेपद देतो पण मिशिगनकडून हरावं लागेल, तर मी घेईन का? काल रात्रीपर्यंत माझं उत्तर नाही असं होतं. आजही नाहीच आहे.

आमच्याकडे ‘सोन्याची पँट’ असते. मिशिगनला हरवलं की संघातल्या प्रत्येकाला सोन्याचा छोटासा पँटच्या आकाराचा बिल्ला मिळतो. १९३४ पासूनची रीत. प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की तेसुद्धा आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात, त्यावरून. जॅक सॉयर, इमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन, जेटी टुइमोलोआउ, ही सगळी २०२१ ला आलेली पोरं. यातल्या एकालाही तो बिल्ला मिळालेला नाही आणि आता मिळणारही नाही. सॉयर तर इथल्याच पिकरिंग्टनचा, लहानपणापासून हीच मॅच बघत वाढलेला. काल मिशिगनच्या पोरांनी आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा घाट घातला, तेव्हा त्यानं तो काठीवरून ओढून काढला. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

जुना_भिडू | १ डिसेंबर, दुपारी २:१०

तो प्रसंग मला अजिबात आवडला नाही. पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला, पोरं डोळे चोळत इकडे तिकडे. विद्यार्थी आहेत ते.

निळू_अ‍ॅनआर्बर | १ डिसेंबर, दुपारी २:३०

सहमत. जिंकल्यावर दुसऱ्याच्या अंगणात झेंडा रोवायला जाऊ नये. आमच्या पोरांचं चुकलं. गुणफलक पुरेसा होता.

जुना_भिडू | १ डिसेंबर, दुपारी ३:००

प्रशिक्षक हटवण्याबद्दल: लाल_करडा, २०१४ आठव. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनिया टेक घरच्या मैदानावर ३५-२१ नं जिंकून गेलं, तेव्हा ‘संपलं सगळं’ असं तूच मला म्हणाला होतास. त्याच हंगामाच्या शेवटी तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स खेळला आणि ओरेगॉनला ४२-२० नं हरवून विजेते झालात. यंदा तर प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, बारा संघांचं आहे. दोन पराभवांनंतरही तुम्ही आत असणार.

पण मला खरी खंत वेगळीच आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घेता येतात, ते योग्यच झालं. त्यांच्या घामावर बाकी सगळे श्रीमंत होत होते. मात्र आता पोरगा दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतो. यंदा ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि यूएससी ओहायो स्टेट-मिशिगनच्या बिग टेन गटात आले. पॅसिफिकच्या काठावरचा संघ न्यू जर्सीत शनिवारी दुपारी खेळायला येतो. मैदानाशेजारच्या गावाचा खेळ म्हणून मी याच्या प्रेमात पडलो होतो. सॉयरसारखा गावातच वाढून गावासाठी खेळणारा पोरगा आणखी किती वर्षं दिसेल, याची मला काळजी वाटते.

कणीस | १ डिसेंबर, दुपारी ४:४५

अवांतर, पण गावाचा विषय निघाला म्हणून.

आयोवा सिटीत किनिक स्टेडियमच्या अगदी शेजारी मुलांचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावरच्या काचांतून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, जवळजवळ सत्तर हजार माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू, पंच, सगळे त्या काचांकडे तोंड करून हात हलवतात. पाहुण्या संघाचे लोकही.

माझा भाचा त्या मजल्यावर होता. सहा वर्षांचा. सलाईनचा स्टँड ढकलत काचेपाशी आला आणि मला म्हणाला, “मावशी, एवढ्या सगळ्यांना मी कसा दिसलो?” तो आता बरा आहे, पाचवीत आहे. आम्ही त्या दिवशी जिंकलो की हरलो ते मला बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

मावशी_डब्लिन | १ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

कणीस, डोळे भरून आले गं. बाळाला आमचे आशीर्वाद सांग.

पुणेरी_प्रेक्षक | १ डिसेंबर, रात्री ११:५०

मला अजून सगळे नियम कळले नाहीत, पण कालची मॅच पुन्हा पाहिली. या वेळी जाड माणसांचे पाय बघितले. कणीसताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

अजून एक. मध्यंतरात वाद्यवृंदानं मैदानावर अक्षरं काढल्याचं भाच्यानं दाखवलं. मी वीस वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. चालता चालता ओळ सरळ ठेवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, हे तर चालता चालता लफ्फेदार अक्षरात ‘ओहायो’ लिहितात!

लाल_करडा | २ डिसेंबर, सकाळी ७:३०

@पुणेरी_प्रेक्षक, ती रीत १९३६ पासूनची. शेवटी सुझाफोन (अंगाभोवती घालायचा मोठा पितळी कर्णा) वाजवणारा एकजण नाचत बाहेर येतो आणि ‘आय’वरचा टिंब होऊन उभा राहतो. त्या वाद्यवृंदात बासरी-क्लॅरिनेटसारखं काही नाही, फक्त पितळ आणि ढोल. तुम्ही कधी आलात तर मी स्वतः घेऊन जाईन. रॅम्पवरून ते खाली उतरतात तेव्हा ढोलाचा ठोका छातीत बसतो.

टेनेसीकर | २२ डिसेंबर, सकाळी १०:३०

धागा वर आणतोय. आमच्या टेनेसीची ओहायो स्टेटविरुद्धची प्लेऑफ मॅच बघायला मी काल नॉक्सव्हिलहून सहा तास गाडी चालवत कोलंबसला गेलो. आमचे लोक इतके आले होते की स्टेडियमचे कोपरेच्या कोपरे नारिंगी दिसत होते. मिशिगनकडून हरल्यामुळे कोलंबसकर खचलेत, तिकिटं विकतायत, असं आम्ही ऐकलं होतं.

आम्ही ४२-१७ नं हरलो. पहिल्या क्वार्टरमध्येच २१-० होतं. मी आयुष्यात इतका गारठलो नव्हतो. आमच्या शेजारी लाल टोपीतली एक मराठी बाई आणि तिची सासू बसल्या होत्या. मी कपाळाला हात लावून बसलेला बघून त्यांनी थर्मासमधला चहा आणि गूळपोळी दिली. या दोघींपैकी कुणी इथं असेल तर मनापासून आभार.

लाल_करडा | २२ डिसेंबर, सकाळी १०:४१

ती माझी बायको आणि आई! मी तुमच्या पुढच्याच रांगेत होतो. आईनं तुम्हाला बघून विचारलं होतं, “हा कुणाचा मुलगा, इतका का रडवेला?” मी म्हटलं, माझ्यासारखाच आहे, तीन आठवड्यांपूर्वीचा.

मावशी_डब्लिन | २ जानेवारी २०२५, सकाळी ८:००

प्लेऑफच्या पुढच्या मॅचमध्ये, रोज बोलमध्ये, ओरेगॉनविरुद्ध ४१-२१! एका वेळी ३४-० होतं. ऑक्टोबरमध्ये यांच्याकडूनच एका गुणानं हरलो होतो ना? आमचे हे पानं गोळा करत नव्हते, घरात नाचत होते.

पुणेरी_प्रेक्षक | ११ जानेवारी, सकाळी १०:१५ (भारत)

टेक्सासविरुद्धची उपांत्य मॅच पहाटे सहाला उठून पाहिली. तुम्ही ज्याच्या चेहऱ्याबद्दल लिहिलं होतं तो सॉयर! टेक्सास अगदी गोलरेषेपाशी, बरोबरी करणार, आणि यानं क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवला, स्वतः उचलला आणि ८३ यार्ड पळाला. २८-१४. एवढा मोठा बचावपटू इतकं अंतर पळताना बघून मी गॅलरीत येऊन ओरडलो, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी विचारलं काय झालं.

दक्षिणरंग | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

आणि तो क्वार्टरबॅक क्विन युअर्स २०२१ मध्ये ओहायो स्टेटलाच होता, सॉयरचा रूममेट! सॉयरनं चेंडू काढून घेतला तो एका खोलीत राहिलेल्या मित्राच्या हातून.

लाल_करडा | २१ जानेवारी २०२५, पहाटे १:५५

अटलांटाहून लिहितोय. नॉत्र दाम २३, ओहायो स्टेट ३४. आपण राष्ट्रीय विजेते आहोत.

३१-७ वरून ते ३१-२३ पर्यंत आले तेव्हा माझ्या पोटात तोच ३० नोव्हेंबरचा गोळा उठला. तिसरा डाऊन, अकरा यार्ड हवेत. मला वाटलं डे पुन्हा मधूनच धाव काढतील, घड्याळ खातील. विल हॉवर्डनं उचलून लांब टाकला. जेरमाया स्मिथ, ५६ यार्ड. त्या दिवशी ज्याच्याकडे चेंडू गेला नाही म्हणून मी दोन महिने तळमळलो, त्याच्याकडेच.

मग २६ सेकंद राहिले असताना किक मारायला कोण आला? जेडन फील्डिंग. ३३ यार्ड. मला बघवलं नाही, मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून खाली बघत होतो. आवाजावरून कळलं.

डे यांनी जावं असं मी याच धाग्यावर लिहिलं होतं. मी चुकलो. त्या पराभवानंतर संघ फुटू न देता चार मॅचेस अशा खेळवणं मला कधी जमलं नसतं.

निळू_अ‍ॅनआर्बर | २१ जानेवारी, सकाळी ७:१०

मनापासून अभिनंदन, मित्रा. तुझा १ डिसेंबरचा प्रश्न अजून उभा आहे. आता घेशील का, तो सौदा?

लाल_करडा | २२ जानेवारी, रात्री ८:२०

दोन दिवस हाच विचार करतोय.

विजेतेपदाची टोपी आणलीय, आईच्या डोक्यावर घातली, फोटो काढला. खूप आनंदात आहे. पण आज ऑफिसातून येताना लेन अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नलला थांबलो, डावीकडे स्टेडियम दिसलं, आणि ती २१ यार्डांची किक पुन्हा दिसली. इथं आमच्या आजोबांचं किराणा दुकान आठवतं. ते दोन वह्या ठेवायचे, रोखीची एक आणि उधारीची एक. रोखीत कितीही आले तरी उधारीच्या वहीतलं नाव त्यानं खोडलं जात नसे. सॉयरच्या बोटात विजेतेपदाची अंगठी येईल. सोन्याची पँट मात्र नाही. माझ्यासाठी या दोन वह्या आहेत आणि मला त्या एक करता येत नाहीत.

सौदा घेईन का? सॉयरला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते मला जाणून घ्यायला आवडेल. मी नोव्हेंबरची वाट बघतोय, यंदा मॅच तुमच्याकडे आहे.

निळू_अ‍ॅनआर्बर | २२ जानेवारी, रात्री ८:३५

तुझं तिकीट मी काढतो. आईंनाही आण. शनिवार असेल, साबुदाण्याची खिचडी आमच्याकडे.